खालच्या तीन ओळी

उंदीरघरातल्या मामांना चारशे उंदीर नुसत्या चालीवरून ओळखू येतात, असं त्या संस्थेत जो तो सांगे. ही अतिशयोक्ती होती. खरा आकडा तीनशे ऐंशीच्या घरात असावा. उरलेले वीस एकमेकांचे सख्खे भाऊ असत, आणि सख्ख्या भावांच्या बाबतीत आईसुद्धा हाक मारताना चुकते, तिथे मामांना काय दोष द्यायचा.

उंदीरघर तळघरात होतं. आत जायचं तर आधी चपला काढायच्या, मग टोपी, मग पायांत कापडी पिशव्या, मग अंगभर झगा, आणि मग एका खोक्याएवढ्या खोलीत उभं राहायचं. तिथे चारी बाजूंनी वारा सुटे आणि माणसाला सतरंजीसारखा झटकून काढी. एकदा एक माशी चुकून आत शिरली होती. सगळीकडची स्वच्छता बघून तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली की ती आल्या वाटेनं परत गेली. हे मामा शपथेवर सांगत. जगात लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. तिसऱ्या मजल्यावरची मंडळी उंदीर पोखरून डोंगर काढायला बसली होती, आणि त्यांना लागणारे उंदीर खाऊनपिऊन धडधाकट ठेवणं हे मामांचं काम. बावीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

तिसरा मजला म्हणजे मोठ्या बाई. चौदा वर्षं त्या एकाच आजाराच्या पाठीस लागल्या होत्या. त्या आजारात माणसाचं डोकं शाबूत राहतं, पण हातापायांना हुकूम पोचवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. आधी बोटं जातात, मग पाय, मग जीभ, मग गिळणं, शेवटी श्वास. मेलेल्या पेशींत बाईंना एक प्रथिन सापडलं होतं. त्याची घडी चुकीची पडे, चुकलेल्या घड्या एकमेकींना चिकटत आणि पेशीत गोळे होऊन बसत. हाच दोष बाईंनी उंदरांत आणला. असे उंदीर शंभराव्या दिवशी मागचे पाय ओढू लागत आणि एकशेतिसाव्याच्या आसपास मरत. मग बाईंनी औषधं करून बघायला घेतली. त्यांना नावं नव्हती, नंबर होते. छप्पन्न नंबर वाया गेले. सत्तावन्नाव्यानं काचेच्या बशीतले गोळे विरघळवले. बाईंनी मामांना वर बोलावून सूक्ष्मदर्शकातून दाखवलं होतं. आधी गारा पडल्यासारखं आणि नंतर पुसून काढल्यासारखं.

मामांनी घरी जाऊन थोरल्या बहिणीला हे समजावून सांगितलं होतं. आक्का चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत होती. ती म्हणाली, "एवढंच ना? इस्त्री चुकली म्हण की."

ही गोष्ट आक्का धडधाकट होती तेव्हाची. आईवडील लवकर गेले, तेव्हा आक्कानं शिलाई मशीन चालवून भावाला वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न करायचं राहून गेलं. मामांचं लग्न मात्र तिनं पुष्कळदा जमवत आणलं होतं, पण प्रत्येक वेळी मुलीकडच्यांना उंदरांचा वास आला. मामांची उंची साधारण बाराव्या वर्षी थांबली होती, म्हणून आक्का त्यांना लंबू म्हणे. तिची कात्री धारदार होती. जिभेशी तुलना केली तर बोथट म्हणावी लागेल.

आक्काचा आजार मामांनी डॉक्टरांच्या आधी ओळखला. निरोगी उंदराला शेपटीनं उचललं की तो मागचे पाय फाकवतो, पाण्यात सूर मारणाऱ्यासारखा. आजारी उंदीर पाय पोटाशी आवळून घेतो. एका संध्याकाळी आक्काच्या हातातून कात्री पडली. ती उचलायला ती वाकली तर बोटं उघडेनात, आत आत वळत जाऊन तळव्याशी मिटली. मामा समोरच कांदा चिरत बसले होते, त्यामुळे डोळ्यांना पाणी का आलं ते सांगावं लागलं नाही. पुढे डॉक्टरांना तेच सांगायला चार महिने आणि नऊ तपासण्या लागल्या.

वर्षभरात आक्काला चावणं जमेनासं झालं. मामा प्रत्येक घास पाण्यात भिजवून, चमच्यानं दाबून, खळ करून तिला भरवू लागले. आणि एके दिवशी, घरून असंच भरवून आल्यावर, त्यांना उंदीरघरात काहीतरी दिसलं, जे बावीस वर्षं डोळ्यांसमोर असून दिसलं नव्हतं.

पिंजऱ्यात खाद्याच्या कांड्या असत त्या झाकणाच्या जाळीत, वर. उंदरानं मागच्या पायांवर उभं राहून खालून कुरतडायचं. पाण्याच्या बाटलीचं तोंडही तेवढ्याच उंचीवर. ज्यांचे मागचे पाय गेले ते भरल्या ताटाखाली उपाशी बसत. दारावर लाल अक्षरांत नियम होता: खाद्य कोरडं, जाळीतच, खाली काही टाकायचं नाही. नियम योग्यच होता. सगळ्यांना सगळं सारखं, नाहीतर मोजमापाला काय अर्थ.

दुपारी साडेबाराला सगळे जेवायला वर गेले. मामांनी अर्धी वाटी पाण्यात कांड्या भिजवल्या आणि आजारी उंदरांच्या पुढ्यात वाटाण्याएवढा एकेक गोळा ठेवला. एक वाजेपर्यंत उंदरांनी पुरावा खाऊन टाकला. दुसऱ्या दिवशी मामांनी तेच केलं, आणि मग रोजच.

आता दया करायची तरी हात पुरावा लागतो. पिंजऱ्यांच्या मांडणीला सहा ओळी होत्या. मामांचा हात तिसरीपर्यंत पोचे. वरच्या तीन ओळींना स्टुलावर चढावं लागे आणि त्यांचे गुडघे स्टुलाचं नाव काढलं तरी कुरकुरत. आठवड्यातून दोनदा पिंजरे बदलायचे तेव्हा ते दुसऱ्या कुणाला तरी हाताशी घेत. पण हे काम कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून खालच्या तीन ओळींना ओलं मिळे आणि वरच्यांचं नंतर बघू, असं म्हणत मामा वर बघायचं टाळत.

इथे दुसऱ्या एका व्यक्तीला आत आणायला हवं. बाईंच्या हाताखाली एक संशोधक मुलगी होती. सगळे तिला टापटीप म्हणत. तिच्या टेबलावर पेन्सिल तिरकी पडली तर पेन्सिललाच संकोच वाटे. रोज प्रत्येक उंदराला सुई टोचायचं काम तिचं. पिवळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना एका बाटलीतून, निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यांना दुसऱ्या. एकीत सत्तावन्न नंबर, दुसरीत मिठाचं पाणी. कुठल्या रंगात काय, ते टापटीपला ठाऊक नव्हतं आणि मामांनाही नव्हतं. ते बाईंच्या कपाटात बंद पाकिटात होतं. म्हणजे कुणाच्या मनातल्या आशेचा वाराही उंदरांना लागायला नको. इतका पक्का बंदोबस्त. फक्त टोचताना गोंधळ नको म्हणून टापटीपनं पिवळे सगळे खालच्या तीन ओळींत लावले आणि निळे सगळे वरच्या तीन ओळींत. खरं तर ते मिसळून लावायचे असतात. पण मिसळलेलं तिला बघवत नसे.

एकाची दया आणि दुसरीची शिस्त. जगात याहून निष्पाप दोन गोष्टी शोधून सापडायच्या नाहीत.

पाकीट फोडलं त्या दिवशी मामांना मुद्दाम वर बोलावलं. ते दाराशी उभे राहिले. पडद्यावर दोन रेघा होत्या, जिन्यासारख्या उतरणाऱ्या. प्रत्येक पायरी म्हणजे मेलेला एक उंदीर. निळी रेघ भराभर खाली आली. पिवळी मात्र पुढे पुढे जात राहिली, खाली यायचं विसरल्यासारखी. बाईंनी सांगितलं, पिवळं म्हणजे सत्तावन्न. तेवीस दिवस जास्त. कुणीतरी कागदावर हिशेब मांडून म्हणालं की उंदराचे तेवीस दिवस म्हणजे माणसाची दोन वर्षं. बाईंनी चष्मा पुसला आणि मग चष्म्याचं फडकं तसंच डोळ्यांना लावलं. टापटीप पहिल्यांदाच खुर्चीत वाकडी बसलेली दिसली.

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत पिंजऱ्यांचे नंबर होते. मामांना रेघा कळत नसत, नंबर मात्र पाठ होते. जे लांब जगले ते एकतीसपासून साठपर्यंत. खालच्या तीन ओळी. टाळ्या वाजवायला उचललेले त्यांचे हात तसेच राहिले, आणि ते बघून शेजारच्याला वाटलं, मामांना भरून आलं.

बाई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे आल्या. चार महिन्यांनी बारा माणसांना औषध देऊन बघायचं ठरलं होतं. "मामा," त्या म्हणाल्या, "आक्कांचं नाव चौथं आहे. मी स्वतः लिहिलंय."

घरी गेले तर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बाईंनी फोन केला होता. शिलाई मशीनवरचं फडकं निघालं होतं आणि टेबलावर करड्या रंगाचं जाड कापड पडलं होतं. शेजारणीच्या नवऱ्याचा कोट. आक्कानं शिवायला घेतला होता. बोटांत सुई धरता येत नव्हती तिला. बोलताना शब्द ओल्या गोधडीसारखे जड पडत, पण त्या दिवशी ती ते ओढून ओढून बाहेर काढत होती.

"दोन वर्षं म्हणाल्या तुझ्या बाई."

"उंदरांचे तेवीस दिवस, आक्का."

"तेच ते. चार महिने औषध घेण्यात जातील. मग दोन महिने कापायला, सहा शिवायला. उरलेल्या वर्षात तुझं लग्न लावून टाकते."

मामा हसले. हसावंच लागलं. रात्रभर मात्र त्यांनी कूस बदलली नाही, कारण कूस बदलली असती तर आक्काला जाग आली असती.

त्यांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. एक पाण्याची. दुसरी सत्तावन्न नंबरची, जी टापटीपच्या वहीत 'थोडा त्रास' एवढ्या दोन शब्दांत संपत होती. त्या त्रासात पिवळ्यांची पोटं फुगत, अंगावरचे केस उभे राहत आणि सुईनंतर तासभर ते हात लावू देत नसत. ज्या उंदरांनी उभ्या जन्मात मामांना दात लावला नाही ते चावत. माणसांना हे औषध पाठीच्या कण्यात सुई घालून द्यायचं होतं, दर पंधरा दिवसांनी, चार महिने, दूरच्या एका रुग्णालयात. औषधात दम असेल तर चार महिने काय, आक्का चार वर्षं दात आवळून काढील. पण दम नसेल तर?

आणि मग आशा नावाची लबाड बया मामांच्या कानाशी आली. ती म्हणाली, सगळंच काही पाण्यानं झालं नसेल. पंधरा दिवस पाण्याचे असतील, आठ दिवस औषधाचे. आठ दिवस म्हणजे माणसाचे आठ महिने. कोट तरी होईल.

मामा काही शिकलेले नव्हते. पण भिंतीसुद्धा बावीस वर्षं शास्त्र ऐकत राहिल्या तर त्यांना परीक्षेला बसवता येईल. बाजूच्या मांडणीत दुसरी तुकडी होती, खातरजमेसाठी लावलेली. चोवीस उंदीर, तीच औषधं, तशाच चिठ्ठ्या, पिवळे खाली, निळे वर. ते शंभरीला आले होते आणि त्यांच्या खालच्या ओळींना मामांनी नुकतंच चार दिवस ओलं घातलं होतं. मामांनी ठरवलं, आता उलटं करायचं. खालच्यांना कोरडं, वरच्यांना ओलं. पिवळे तरीही जास्त जगले तर औषध खरं. मग तोंड मिटून घ्यायचं आणि आक्काची पिशवी भरायची.

छताचे दिवे पुसायचे आहेत असं सांगून त्यांनी वायरमनकडून शिडी आणली. वायरमन म्हणाला, "मामा, तुम्हाला शिडी कशाला, क्रेन पाठवतो की."

रोज साडेबाराला ते शिडी चढत. प्रत्येक पायरीला गुडघ्यातून सुतळीबाँब फुटे. खोटं वाटत असेल तर त्या गुडघ्यांना विचारा. वरच्या बारा निळ्यांपुढे ओला गोळा ठेवत आणि उतरत. उतरल्यावर खालच्या पिंजऱ्यांकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. ते जमलं नाही. चार दिवसांत पिवळ्यांना सवय लागली होती. साडेबारा वाजले की ते उजव्या कोपऱ्यात येऊन बसत, जिथे गोळा ठेवला जाई, आणि नाक वर करून वास घेत राहत. त्यांच्यात एक वाकड्या मिशीचा होता, मामा त्याला हवालदार म्हणत. हवालदार कोपऱ्यात एक वाजेपर्यंत थांबे. मामा वाकून त्याला म्हणत, "जग रे. उभा राहा जाळीला धरून. तुझ्यावर आहे सगळं." बावीस वर्षांत त्यांनी कुठल्याही उंदराला इतकं विनवलं नव्हतं.

हवालदार एकशेबाविसाव्या दिवशी गेला. एकशेतिसापर्यंत खालच्या बारांतले दहा गेले. वरचे निळे, ज्यांच्या अंगात मिठाच्या पाण्याखेरीज काही गेलं नव्हतं, ओल्या कांड्या खात एकशेपन्नासपर्यंत लोळत राहिले.

म्हणजे औषधाचे आठ दिवस नव्हते. एकही दिवस नव्हता. हे साऱ्या जगात एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसला होता, कारण उतरायचं त्याच्यानं होत नव्हतं.

मामांनी ठरवल्याप्रमाणे बोलायला हवं होतं. ते बोलले नाहीत. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. घरी आक्का शेजारणीला सांगत होती की अस्तर कोणत्या रंगाचं आण.

पण उंदीर मेले की मोजले जातात. तिसऱ्या मजल्यावर खळबळ उडाली. दुसरी तुकडी पहिलीच्या बरोबर उलट कशी आली? बाईंनी दोन दिवस विचार केला, आणि माणसाला जे हवं असतं तेच त्याला सुचतं, तसं त्यांना सुचलं की बाटल्या अदलाबदल झाल्या. टापटीपनं पिवळ्यांना निळी बाटली टोचली. तसं असेल तर सगळं जुळत होतं. तसं असेल तर उलट सत्तावन्न नंबरची दुसऱ्यांदा खातरजमाच झाली होती. तुकडी चुकीची म्हणून बाजूला टाकायची, बारा जणांची यादी पुढे न्यायची आणि टापटीपला निरोप द्यायचा.

मामा मेलेल्या उंदरांच्या नोंदीचा कागद घेऊन वर गेले तेव्हा टापटीप तिच्या टेबलाशी बसली होती. टेबलावर चिठ्ठ्यांचा पसारा होता, पिवळ्या निळ्यांत मिसळलेल्या, आणि ती त्या लावत नव्हती. ती म्हणाली, "मामा, मी नीट केलं होतं हो सगळं. पण बाई म्हणतात तर झालं असेल. मला आठवत नाही. रोज तेच तेच करताना एखाद्या दिवशी हात चुकला असेल." रडून रडून तिचा आवाज बसला होता.

मामांपुढे सरळ रस्ता होता, आणि त्यावर त्यांना एक पाऊलही टाकायचं नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. ते गप्प राहिले की आक्काची आशा राहत होती, बाईंची चौदा वर्षं राहत होती, अकरा परक्या घरांतली माणसं पिशव्या भरत होती. जात होती फक्त ही एक पोर. आणि काही महिन्यांनी, पाठीत सुई घालून पोट फुगलेली आक्का.

ते बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटी, साडेबाराची वेळ, खालच्या तीन ओळी, शिडी. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, पाणी किती. अर्धी वाटी, मामा म्हणाले, सगळ्यांत मिळून.

"तुम्ही बोलला नसतात तर हे कधी कुणाला कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"चौथं नाव कुणाचं आहे, आठवतंय ना?"

"म्हणूनच आलो. तिच्या पाठीत सुई घालणार ना तुम्ही."

बाईंनी आरडाओरडा केला नाही. केला असता तर मामांना बरं वाटलं असतं. त्यांनी टापटीपला बोलावलं, तिची माफी मागितली आणि मेलेल्या चोवीस उंदरांचे कणे कापायला सांगितले. टापटीपनं सात दिवस खपून कागदाहून पातळ चकत्या केल्या आणि पेशी मोजल्या. आठव्या दिवशी बाईंनी मामांना वर बोलावून पुन्हा सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. पिवळ्या उंदरात एकही गोळा नव्हता. लख्ख. आणि पेशी मेलेल्या, निळ्यांत जितक्या तितक्याच.

"औषधानं त्याचं काम केलं," बाई म्हणाल्या. "गोळा विरघळला. पेशी तरी मेली. मला वाटायचं गोळा म्हणजे आग. ती राख होती, मामा. आग दुसरीकडेच कुठेतरी लागलेली. चौदा वर्षं मी राख झाडत बसले."

मामांनी विचारलं, मग आग कुठे आहे. बाई म्हणाल्या, "ठाऊक नाही." त्या हे इतक्या साधेपणानं म्हणाल्या की मामांना त्यांच्याकडे बघवेना.

अकरा घरी पत्रं गेली. मामांनी लाल अक्षरांतला नियम मोडला होता, तेव्हा त्यांना उंदीरघरातून काढून काचेची भांडी धुण्याच्या खोलीत बसवलं. आक्कांना मी फोन करते, असं बाई म्हणाल्या होत्या. मामा म्हणाले, नको, घरचं आहे, मीच सांगतो.

त्यांनी जेवणाच्या वेळी सांगितलं, हातात चमचा घेऊन. आक्का शेवटपर्यंत ऐकून घेत होती. मध्येच अडवणं हा तिचा जन्माचा स्वभाव, पण आता अडवायला लागणारा श्वास तिला पुरत नव्हता.

"पाणी घातलेल्या उंदरांचं काय झालं?" तिनं विचारलं.

"तेवीस दिवस जास्त जगले."

"आणि मग?"

"मग मेले."

ती म्हणाली, "म्हणजे खरं औषध तू मला सव्वा वर्ष देतोयस."

मामांच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. ते हो म्हणाले. आक्काला हसू फुटलं. त्या आजारात हसू फुटलं की आवरत नाही, घशात अडकतं, श्वासाच्या आड येतं. मामांनी तिला पुढे वाकवून पाठ चोळली. ती शांत झाली तेव्हा तोंडाभोवती निळसर झालं होतं.

"गप्प बसला असतास तर?"

"सुया टोचल्या असत्या तुला, आक्का. चार महिने. पोट फुगलं असतं. मी बघितलंय त्यांना."

"माझं पोट होतं ते, लंबू." एकेक शब्द ती जमिनीवरून उचलत असल्यासारखी बोलत होती. "चार महिने मी वाट बघितली असती. वाट बघायला काहीतरी होतं. तू उंदरांना विचारलंस. त्या पोरीचा विचार केलास. मला कुठे विचारलंस?"

मामांनी चमचा पुढे केला. तिनं तोंड उघडलं नाही. घास निवला, त्यावर साय धरली, मामा तो घेऊन बसूनच राहिले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जेवली. भावाला माफ केलं म्हणून नव्हे, भूक लागली म्हणून. करडं कापड शेजारीण येऊन घेऊन गेली. जाताना ती म्हणाली, काही घाई नव्हती हो, आणि मग आपण काय बोललो ते कळून तिनं जिना उतरण्याची घाई केली.

पुढे महिन्याभरात आक्काची जीभ गेली. जी जीभ वाण्याला, शेजाऱ्याला आणि दोन डॉक्टरांना रडवून आली होती, ती तोंडात नुसती पडून राहू लागली. तो प्रश्न हे तिचं मामांशी झालेलं शेवटचं सबंध बोलणं. त्यानंतर फक्त पाणी, बस, वळव. आणि मग तेही नाही. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून नळी बसवली. उरले डोळे. एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही, असं दोघांनी ठरवून घेतलं.

मामा दिवसभर बाटल्या धूत. धुण्याच्या खोलीत गप्पा मारायला कुणी नव्हतं, आणि बाटलीला चाल नसते, तेव्हा ओळखण्यासारखंही काही नव्हतं. ते आक्काला द्यायची उत्तरं जुळवत राहत. एक उत्तर त्यांना बरं वाटलं होतं: विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, म्हणून नाही विचारलं. तेच उत्तर घरी येईपर्यंत त्यांना कबुलीजबाबासारखं वाटू लागे, आणि ते मनातल्या मनात राही.

टापटीपची चिठ्ठी आली. ती दुसऱ्या संस्थेत गेली होती. तिथे सगळे पिंजरे मिसळून लावते, असं तिनं लिहिलं होतं. बाईंनी तिसऱ्या मजल्यावरची तीन कपाटं रिकामी केली आणि चौथं करता करता सोडून दिलं. आग कुठे लागली आहे याचा शोध पुन्हा पहिल्यापासून घ्यायचा होता, आणि त्यांना निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली होती.

एका दुपारी मामा घरी लवकर आले. आक्काला टेकवून बसवलं, तिचे केस मागे घेतले, आणि जुळवलेलं काहीच न म्हणता त्यांनी सरळ विचारलं.

"चुकलं का माझं, आक्का?"

आक्कानं त्यांच्याकडे नीट बघितलं. मग डोळे एकदा मिटले आणि उघडले.

दुसऱ्यांदा मिटतात का म्हणून मामा थांबले. समोरच्या घरात कुणीतरी भांडी लावत होतं, ती सगळी लावून झाली. डोळे उघडेच होते. मग मामांनी नळीचं टोपण काढलं, कारण जेवणाची वेळ झाली होती.